वाचकांचे प्रश्न : गळाला बास लागण्यापूर्वी

गेल्या अंकात उन्हाळी छंदांविषयी लिहिताना बास माशाच्या मासेमारीचा मी जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचा सारा स्तंभ त्याच विषयाला द्यावा असे ठरवले. मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली १८ वर्षे घराजवळच्या तळ्यांवर बाससाठी गळ टाकत आलो आहे; पुढची उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत. मासेमारीचे नियम प्रत्येक राज्यात निराळे असतात आणि ते बदलतही राहतात. त्यामुळे मी सांगितलेल्या तारखा आणि मापे आपल्या राज्याच्या मत्स्य विभागाच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेशी ताडून मगच पाण्यावर जावे.

प्रश्न : माझा १२ वर्षांचा मुलगा शाळेतल्या मित्रांचे पाहून बास फिशिंगचा हट्ट धरून बसला आहे. आमच्या घरात आजवर कोणी गळ हातात धरलेला नाही. दुकानात गेलो, तर रॉडांची भिंतच्या भिंत पाहून तसेच परत आलो. नेमके काय घ्यावे? आणि बास म्हणजे हॉटेलात मिळणारा बासाच का? — एक वाचक, प्लेनो, टेक्सस

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण हा घोटाळा अनेकांचा होतो. बासा हा व्हिएतनाममधून येणारा, पंगसच्या जातीचा बिनखवल्यांचा मासा आहे. हॉटेलाच्या यादीत ‘एशियन सी बास’ म्हणून जो दिसतो तो आपला जिताडा, म्हणजे मालवण-गोव्याकडचा चोणक. आपल्या मुलाला जो हवा आहे तो या दोघांपेक्षा निराळा असून त्याचे पूर्ण नाव लार्जमाउथ बास असे आहे. हा उत्तर अमेरिकेचा, गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला मासा. पाठ हिरवट, पोट पांढरे, कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला तुटक काळसर पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की तोंड मिटलेले असतानाही त्याचे टोक डोळ्याच्या मागे जाते. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास तपकिरी असतो, त्याच्या अंगावर उभे पट्टे असतात आणि जबडा डोळ्याच्या मागे जात नाही. तो थंड, स्वच्छ, खडकाळ पाण्यात रमतो. आपल्याकडच्या उपनगरी तळ्यांत गाठ पडेल ती बहुधा लार्जमाउथशीच.

आता खरेदीचे. माझा पहिला सल्ला असा की अजून काहीही विकत घेऊ नये. टेक्ससच्या स्टेट पार्कमध्ये किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून मासे पकडायला परवाना लागत नाही, आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी रॉड-रील काही दिवसांसाठी उसने देण्याची सोय आहे. १७ वर्षांखालच्या मुलांना तर टेक्ससमध्ये कुठेच परवाना लागत नाही. दोन शनिवार उसन्या सामानावर काढावेत. मुलाला दीड तास काहीही न लागता उभे राहणे जमते का, हे तेवढ्यात कळते, आणि आपल्यालाही जमते का, हेही कळते.

त्यानंतर घ्यायचेच ठरले, तर साडेसहा ते सात फुटांचा, ‘मीडियम’ ताकदीचा एक स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचे स्पिनिंग रील आणि ८ किंवा १० पौंडांचा साधा नायलॉनचा दोरा पुरेसा आहे. दुकानदार बेटकास्टिंग रील दाखवेल, व्हिडिओंतले स्पर्धकही तेच वापरताना दिसतील. परंतु त्या रीलमध्ये फेकीच्या वेळी फिरकी स्वतः गरगर फिरते, आमिषाचा वेग कमी झाला तरी ती थांबत नाही, आणि अंगठ्याने तिला वेळीच आवरता आले नाही तर दोऱ्याचा चिमणीच्या घरट्यासारखा गुंता होतो. बारा वर्षांच्या मुलाचा उत्साह त्या गुंत्यात संपू शकतो. स्पिनिंग रीलमध्ये फिरकी स्थिर असते, दोरा तिच्यावरून नुसता सुटत जातो, आणि अर्ध्या तासात फेक जमू लागते.

याखेरीज पाच इंची मऊ काडीसारखे प्लॅस्टिकचे किडे एक पाकीट, १/० आकाराचे गळ एक पाकीट, त्या किड्यांवर चढवायच्या रबरी कड्या, नखे कापायचे कटर आणि लांब टोकाची पक्कड घ्यावी. पक्कड विसरू नये; ती माशासाठी आहे, आणि तिच्याविषयी पुढच्या एका उत्तरात लिहिले आहे. हे सारे सामान शंभर डॉलरच्या आत सहज बसते. त्याहून महाग रॉडने नवशिक्याला अधिक मासे लागलेले मी पाहिलेले नाहीत.

घरी बसून एक गाठ शिकवावी. तिला पालोमर म्हणतात : दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवावा, त्याची सैल साधी गाठ मारावी, उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करावा आणि ओढावे. ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करायची असते, कारण कोरड्या दोऱ्यावर ओढताना घर्षणाची उष्णता निर्माण होते आणि दोरा नेमका तिथेच कमकुवत होतो. पहिला मोठा मासा हातचा निसटतो तो बहुधा अशा कोरड्या ओढलेल्या गाठीमुळे. रीलवरचा ड्रॅग, म्हणजे मासा जोराने पळाला तर दोरा सुटू देणारा ब्रेक, हाताने खेचल्यावर कुरकुरत का होईना पण दोरा देईल इतपत सैल ठेवावा. तो पक्का आवळलेला असला तर १० पौंडांचा दोरा तीन पौंडांचा मासाही तोडून नेतो.

प्रश्न : आमच्या वसाहतीत सुंदर तळे आहे आणि तिथे बास आहेत असे शेजारी सांगतात. मी जुलैचे तीन रविवार दुपारच्या जेवणानंतर जाऊन, तळ्याच्या मध्यापर्यंत जाईल इतक्या लांब आमिष फेकत राहिलो. एकही मासा लागला नाही. रॉड बदलावा का? — एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

रॉड बदलू नये. वेळ, जागा आणि फेकीची दिशा या तिन्ही गोष्टी बदलाव्यात.

बास हा पाठलाग करून दमणारा मासा नाही. तो दबा धरून बसतो. एखादे पडलेले झाड, धक्क्याची सावली, पाणवनस्पतींची कड, पाण्यात बुडालेला खडक, कशाच्या तरी आडोशाला अंग लावून तो थांबतो आणि छोटा मासा किंवा क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) टप्प्यात आला की एका झेपेत तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. आपल्या तळ्याच्या मध्यभागी बहुधा सपाट चिखलाखेरीज काही नसेल. तिथे दबा धरायला जागाच नाही, मग बास कशाला थांबेल? नवशिका किनाऱ्यावर उभा राहून मध्याकडे फेकतो आणि नावेत बसलेला माणूस किनाऱ्याकडे फेकतो. या दोघांत किनाऱ्याकडे फेकणारा अधिक वेळा बरोबर असतो.

पुढच्या वेळी रॉड गाडीत ठेवून आधी तळ्याला एक फेरी मारावी, आणि शक्य असल्यास पोलराइज्ड काचांचा चष्मा घालावा, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापली जाऊन आतले दिसू लागते. पावसाचे पाणी ज्या पाइपातून तळ्यात येते ते तोंड कुठे आहे? पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधलेली काँक्रीटची उभी चौकट कुठे आहे? हिरव्या वनस्पतींचा पट्टा कुठे संपतो आणि मोकळे पाणी कुठे सुरू होते? ताटाएवढे गोल, फिकट खळगे उथळ पाण्यात ओळीने दिसले तर ती ब्लूगिलची घरटी आहेत. ब्लूगिल हे छोटे मासे म्हणजे बासचे खाद्य, म्हणून घरट्यांच्या त्या ओळीच्या खोल बाजूला हमखास एखादा बास टेहळणीवर असतो. अशा पाच-सहा जागा मनात टिपून ठेवाव्यात आणि तेवढ्याच जागी गळ टाकावा.

वेळ पहाटेची घ्यावी. जुलैच्या दुपारी उथळ पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि बास एक तर खोल जातो किंवा दाट सावलीत शिरून निपचित पडतो. उजाडण्याच्या आधी अर्धा तास ते ऊन चढेपर्यंतचे दोन तास, आणि संध्याकाळचा शेवटचा तास, या वेळी तोच मासा किनाऱ्यापासून तीन फुटांवर येतो. पाण्याशी जाताना पावले हलकी टाकावीत. पायांचा धप्प आवाज जमिनीतून पाण्यात जातो आणि माशाच्या कुशीवरची संवेदनारेषा तो टिपते. पहिली फेक समोर करण्याऐवजी किनाऱ्याला समांतर करावी. आपल्या बुटांच्या अगदी पुढ्यातच मासा असण्याची शक्यता नवशिक्याला वाटते त्याहून फार जास्त असते.

आमिष म्हणून, वरच्या उत्तरात सांगितलेला पाच इंची किडा घ्यावा. त्याच्या मधोमध रबरी कडी चढवून गळ त्या कडीखालून आडवा घालावा, म्हणजे किड्याची दोन्ही टोके मोकळी लोंबतात. या जोडणीला वॅकी रिग म्हणतात. फेक वीस-तीस फुटांची पुरे. आमिष पाण्यावर पडले की काहीही करू नये. नवशिक्याला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच आहे, त्याचा हात रीलच्या दांड्याकडे आपोआप जातो. दोरा किंचित सैल सोडावा. किडा दोन्ही टोके फडफडवत, पान गळावे तसा सावकाश खाली जाऊ लागतो. आता आमिष दिसत नाही, पण पाण्यावर पडलेला दोरा दिसतो. त्याचा एक सैल बाक पाण्यावर तरंगत असतो. त्या बाकाकडे डोळे लावावेत. तो बाक एकदम टुणकन उडाला, किंवा कोणताही झटका न जाणवता हळूच सरळ होऊन बाजूला सरकू लागला, किंवा किड्याने तळ गाठायला हवा होता त्याच्या आधीच दोरा थांबला, तर आमिष माशाच्या तोंडात आहे. रीलचे दोन-तीन वेढे घेऊन सैलपणा काढावा आणि रॉड ठामपणे वर उचलावा. जिवाच्या आकांताने झटका देण्याची गरज नाही. तळ गाठेपर्यंत काही झाले नाही तर रॉडचे टोक फूटभर उचलून पुन्हा सोडावे. असे दोनदा करून आमिष परत आणावे.

माझा पहिला बास मला असाच लागला, आणि मला तो कळलाच नव्हता. दोरा डावीकडे का चालला आहे, वाऱ्यामुळे असेल, असे मनात म्हणत मी बघत राहिलो होतो. वारा उजवीकडे वाहत होता.

एका जागी आठ-दहा फेकी झाल्या की वीस पावले पुढे सरकावे. गवत दाट असेल तर गोळीच्या आकाराचे लहान वजन पुढे घालून गळाचे टोक किड्याच्या अंगातच लपवण्याची टेक्सस रिग शिकावी, म्हणजे गळ वनस्पतींत अडकत नाही. पाणी गढूळ असेल तर फिरत्या चकतीचे स्पिनरबेट वापरावे, कारण तिथे माशाला आमिष दिसण्याआधी त्याचा कंप जाणवतो. बाकीची शंभर आमिषे पुढच्या वर्षासाठी ठेवावीत. आणि आपल्या भागात पाण्याकडेच्या गवतात कॉपरहेड जातीचे विषारी साप असतात. पहाटेच्या अंधारात बॅटरी आणि घोट्यावर जाणारे बूट यांशिवाय जाऊ नये.

प्रश्न : आम्ही मासे सोडून देण्यासाठीच पकडायचे असे ठरवले होते. परंतु मुलीने पकडलेल्या पहिल्याच बासने गळ घशापर्यंत गिळला होता. तो काढताना रक्त आले, मासा आमच्यादेखत उलटा तरंगू लागला, आणि मुलगी दोन दिवस रडत होती. आम्ही काय चुकलो? आणि नुसत्या आनंदासाठी हे करावे का? — एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन

आपले पत्र मी अनेकदा वाचले. आधी चूक काय झाली ते सांगतो, कारण ती टाळता येण्याजोगी आहे.

आपण पत्रात जिवंत गांडूळ आणि दोऱ्याला बांधलेला तरंगता बोंडा (बॉबर) वापरल्याचे लिहिले आहे. जिवंत आमिष मासा चवीने गिळतो, आणि बोंडा बुडेपर्यंत वाट पाहिली तर गळ घशात गेलेला असतो. प्लॅस्टिकचे आमिष तोंडात येताच फसवणूक लक्षात येऊन मासा बहुधा ते थुंकू पाहतो, म्हणून तिथे गळ ओठात लागतो. मात्र त्यातही दोरा हलताच रॉड उचलला पाहिजे, वाट पाहता कामा नये. दुसरे म्हणजे गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोऱ्याचा ताण ढिला पडू दिला नाही तर मासा निसटत नाही, आणि सोडवताना गळ एका हलक्या कलाटणीत बाहेर येतो. मुलांसोबत जाताना हे मी सक्तीचे मानतो, कारण तोच गळ कधी तरी मुलाच्या बोटातही शिरणार असतो.

गळ घशात गेलाच तर तो उपसण्याचा प्रयत्न करू नये. घशाला लागूनच कल्ले आणि हृदय आहे. तिथे पकडीने केलेली ओढाताण गळापेक्षा जास्त घातक ठरते. जमेल तितक्या आतून दोरा कापावा आणि मासा पाण्यात सोडावा. त्याची जगण्याची शक्यता अशाने अधिक राहते.

मासा हाताळण्याची रीत गळ टाकण्याच्या आधी शिकवावी, असे माझे ठाम मत आहे. हात आधी पाण्यात ओले करावेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगजंतूंपासून राखतो आणि कोरड्या हाताला तो पुसून येतो. अंगठा तोंडात घालून तर्जनीने खालचा ओठ बाहेरून धरावा. बासचे दात बारीक, कानशीसारखे खरखरीत असतात, ते चावत नाहीत. लहान मासा असा सरळ उभा धरावा. दोन पौंडांच्या वरचा असेल तर दुसरा हात पोटाखाली देऊन आडवा धरावा. नुसत्या जबड्यावर आडवा तोलून धरला तर त्याचे सारे वजन जबड्याच्या सांध्यावर येते, आणि जबडा दुखावलेला बास शिकार करू शकत नाही. वाळूवर, गवतावर, धक्क्याच्या तापलेल्या फळ्यांवर त्याला ठेवू नये. पक्कड हाताशी, कॅमेरा तयार, आणि मासा बाहेर काढताना आपण स्वतः श्वास रोखावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला असावा. सोडताना फेकू नये. पाण्यात धरून ठेवावा. शेपटी हलवून तो स्वतःच हातातून निघून जातो.

वसंतात आणखी एक पथ्य आहे. पाणी ६० ते ६५ अंश फॅरनहाइटच्या घरात गेले की नर बास उथळ तळावर शेपटीने गाळ झाडून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते, आणि पुढे अंड्यांची व पिल्लांची राखण एकटा नर करतो. या दिवसांत तो भूक नसतानाही घरट्याजवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर तुटून पडतो, म्हणून त्याला पकडणे फार सोपे असते. परंतु त्याला बाहेर काढले की टपून बसलेले ब्लूगिल तेवढ्यात अंडी खाऊन टाकतात. घरट्यावरचा बास दिसला तर त्याच्याकडे गळ टाकू नये.

आता दुसरा प्रश्न. सोडून दिलेल्या माशाला काहीच होत नाही, असे मी आपल्या मुलीला सांगणार नाही. ते खरे नाही, आणि तिने ते डोळ्यांनी पाहिले आहे. गळ टोचतो, मासा झगडतो, थकतो, आणि काळजी घेतली तरी काही मासे मरतात. पकडून सोडण्याची प्रथा बासच्या जगात रुळवली ती स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी. १९७२ पासून त्यांनी स्पर्धकांना मासे जिवंत आणून परत पाण्यात सोडायला लावले, आणि तोवर मेलेल्या माशांच्या माळा मिरवणारे लोक हळूहळू सोडण्यात मान मानू लागले. त्याने लक्षावधी मासे वाचले हे खरे आहे. परंतु म्हणून आपल्या हातातल्या एका माशाची जबाबदारी कमी होत नाही. मी हा छंद चालू ठेवला आहे, कारण तळ्याच्या काठावर जितकी वर्षे उभा राहिलो तितके ते तळे माझे झाले. त्यात कुठून सांडपाणी येते, कोणत्या वर्षी गवत मेले, याकडे मी लक्ष ठेवतो, तक्रार करतो, कचरा उचलतो. हे कारण मला पुरते. आपल्या मुलीला ते पुरेलच असे नाही, आणि तिला पुन्हा जावेसे वाटले नाही तर तिला आग्रह करू नये. जावेसे वाटले तर काटा दाबलेला गळ आणि पक्कड तिच्याच हातात द्यावी. सोडवण्याचे काम तिला स्वतःला नीट येणे, हेच तिच्या रडण्याला दिलेले खरे उत्तर होईल.

प्रश्न : बास खाता येतो का? आम्ही कोकणातले, पकडलेला मासा सोडायचा ही कल्पना घरात कोणाला पटत नाही. — एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

खाता येतो. मांस पांढरे, घट्ट आणि सौम्य चवीचे असते. आमच्याकडे खवले व कातडी काढून, आमसूल-तिरफळांच्या कालवणात तो चांगला लागला. नियमात बसणारा, लहान मापाचा मासा घरी नेण्यात मला गैर वाटत नाही. काही तळ्यांत लहान बासांची गर्दी झाल्याने कोणीच नीट वाढत नाही, तिथे थोडे काढलेले उपयोगाचेच असते.

परंतु आपल्या गावी मात्र थांबावे लागेल. सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू अल्माडेनची पाऱ्याची जुनी खाण आहे. कॅलिफोर्नियात सोन्याचा शोध लागल्यावर सोने वेगळे करायला लागणारा पारा तिथून जात असे. खाण बंद झाली, पण तो पारा अजून त्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि जलाशयांत आहे. छोट्या जीवातला पारा छोट्या माशात, छोट्या माशातला बासमध्ये साठत जातो, आणि बास जितका मोठा व म्हातारा तितका तो जास्त. म्हणून ग्वादालुपे, अल्माडेन, कॅलेरो या जलाशयांतले मासे खाऊ नयेत अशी शासकीय सूचना आहे. इतर ठिकाणीही गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी निराळी मर्यादा असते. राज्याच्या आरोग्यविषयक सूचनेत आपल्या पाण्याचे नाव पाहिल्याखेरीज मासा स्वयंपाकघरात आणू नये. शिजवल्याने पारा जात नाही.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत बास पकडतो. आमच्या शेततळ्यात बासचे बीज आणून सोडले तर? — एक वाचक, नाशिक

कृपया सोडू नये. शेततळे पावसाळ्यात एकदा ओसंडले की मासा ओढ्यात आणि तिथून नदीत जातो, आणि मग तो परत बोलावता येत नाही. उजनीच्या जलाशयात आज जाळ्यात चिलापी किती आणि आपले देशी मासे किती, हे तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे. चिलापीही अशीच बाहेरून आणलेली. बास तर उघड शिकारी आहे.

जपानने हे भोगले आहे. तिथे १९२५ मध्ये ‘अशी’ नावाच्या सरोवरात बास आणून सोडला गेला, पुढे तो देशभर पसरला, आणि बिवा सरोवरातल्या देशी माशांवर त्याचा घाला पडला. याच बिवात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांना सुमारे २२ पौंड ५ औंसांचा बास लागला आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये केलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या जागतिक विक्रमाशी त्यांची बरोबरी झाली; इतक्या थोड्या फरकाने विक्रम मोडला असे धरत नाहीत. तरीही त्या सरोवराच्या काठी पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे, आणि तो टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या आहेत. मिशिगनच्या वाचकांना मी मासा जपून सोडायला सांगितले आणि बिवावर तो सोडणे गैर ठरते, यात विसंगती नाही. मिशिगनचे पाणी बासचे घर आहे, बिवाचे नाही.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे असून चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. त्यांचे आयुष्य रेवदंड्याला गेले, कुंडलिकेच्या खाडीवर ते हातात दोरी धरून गरी टाकत. इथे घरात बसून ते कंटाळले आहेत. त्यांना परवाना लागेल का? आणि त्यांना रॉड जमेल का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

परवाना लागेल. न्यू जर्सीत ७० वर्षांवरील व्यक्तींना तो माफ आहे, परंतु ती सवलत राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना नाही. बाहेरून आलेल्यांसाठी थोड्या दिवसांचा स्वस्त परवाना मिळतो, तो त्यांच्या नावे घ्यावा, आणि आपण रॉड हातात घेणार असाल तर आपल्या नावे निराळा घ्यावा. आपल्या व्हिसाचा यात संबंध नसतो. राज्यात सहा महिने सलग राहिलेल्याला रहिवासी धरतात. हे पैसे वाया गेले असे वाटून घेऊ नये. परवान्याच्या शुल्कातून आणि १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या सामानावर बसवलेल्या केंद्रीय करातून तळ्यांची निगा, मत्स्यबीज आणि धक्के यांचा मोठा खर्च भागतो.

एक तारीख लक्षात ठेवावी. १५ एप्रिल ते १५ जून या विणीच्या काळात न्यू जर्सीत पकडलेला बास ताबडतोब सोडावा लागतो. त्यानंतर १२ इंचांच्या वरचे, दिवसाला पाचपर्यंत ठेवता येतात. वडिलांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण खाडीवरच्या माणसाला हातातला मासा सोडायला सांगणे सोपे नसते, आणि कारण समजले तर त्यांना ते पटेल. विणीच्या हंगामात दर्यात जायचे नाही, ही रीत रेवदंड्याला शिकवावी लागत नाही.

रॉड त्यांना आपल्यापेक्षा लवकर जमेल असे मला वाटते. मी अलिबागकडचा आहे. माझे आजोबा गरी टाकून दोरी तर्जनीवर आडवी घेत आणि गप्पा मारता मारता, खाली खेकडा आमिष कुरतडतो आहे की पालू मासा आहे, हे बोटावरून सांगत. स्पिनिंग रॉडवर हीच विद्या चालते. फेक झाल्यावर रीलच्या पुढे, रॉडच्या मुठीपाशी जो दोरा येतो तो डाव्या हाताच्या तर्जनीवर घ्यायचा. रॉडच्या टोकाला जे दिसत नाही ते बोटाला कळते. फेक आपण करून द्यावी आणि दोरा त्यांच्या बोटावर ठेवावा. फेकीचे तंत्र ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपणहून मागतील. वजन शिशाचे घेऊ नये, टंगस्टनचे किंवा पोलादाचे घ्यावे, कारण तुटून पडलेले शिसे गिळून लून नावाचे पाणपक्षी विषबाधेने मरतात. बसायला घडीची खुर्ची, पँट मोज्यांत खोचलेली, आणि घरी आल्यावर गुडघ्यांमागे गोचीड पाहणे, एवढे आपल्या भागात सांभाळावे, कारण तिच्यापासून लाइम रोग होतो.

हे पत्र छापून येईपर्यंत जूनचा मध्य उलटलेला असेल. पहाटे साडेपाचला जावे, पूर्वेच्या काठावर झाडांची सावली जिथे सर्वांत उशिरापर्यंत राहते तिथे त्यांची खुर्ची मांडावी, आणि पहिला मासा लागेपर्यंत त्यांना काही शिकवू नये.